लॉग : लाकडाच्या फळीपासून पासवर्डपर्यंत

सकाळपासून रात्रीपर्यंत आपण कुठं ना कुठं ‘लॉग इन’ करत असतो. बँकेत, रेल्वेच्या तिकिटासाठी, मुलांच्या शाळेच्या ॲपवर, ऑफिसच्या हजेरीला. हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो समुद्रावरून आला आहे असं सांगितलं तर ऐकणारा क्षणभर थबकतो. मी उमेदीची वर्षं मालवाहू जहाजांवर डेक ऑफिसर म्हणून काढली. दिवसातून चार-चार तासांच्या दोन पाळ्या, आणि प्रत्येक पाळी संपली की लॉगबुक. पुढे किनाऱ्यावर कायमचा आलो तेव्हा लक्षात आलं, की त्या वहीनं लावलेली शिस्त जमिनीवर जास्तच लागते. तिनं जे शिकवलं ते इथं मांडतो.

१. शब्द हातानं करून पाहावा

लॉग म्हणजे ओंडका. जहाजाचा वेग मोजायला खलाशी लाकूड दोरीला बांधून पाण्यात सोडायचे, म्हणून त्या साधनाचं नाव लॉग. विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाच्या १५७४ सालच्या नौकानयनाच्या पुस्तकात या पद्धतीचं वर्णन आलं आहे. कालांतरानं लाकडाची फळी झाली : वर्तुळाचा पाव भाग कापून घ्यावा तशी, आणि गोल कडेला शिशाची पट्टी. त्या वजनामुळं ती पाण्यात उभी राहते, पाणी तिला धरून ठेवतं आणि जहाज पुढे निघून जातं.

प्रशिक्षणात असताना आमच्या एका शिक्षकांनी ही फळी आम्हा कॅडेटांकडून बनवून घेतली होती. फळीच्या तिन्ही कोपऱ्यांना दोरी, पण त्यातली एक दोरी गाठ मारून नव्हे, तर लाकडी खुंटी ठोकून अडकवलेली. कामाला तीन माणसं लागतात. एकानं दोरीचं रीळ दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचं, दुसऱ्यानं वाळूचं घड्याळ, आणि तिसऱ्यानं जहाजाच्या मागच्या टोकावरून फळी फेकायची. सुरुवातीची थोडी दोरी तशीच जाऊ द्यायची, कारण जहाजानं ढवळलेल्या पाण्यातून फळी बाहेर पडली पाहिजे. तिथं दोरीला पांढरी चिंधी बांधलेली असते. चिंधी कठड्यावरून गेली की ओरडायचं, ‘उलटा!’ घड्याळ उलटं होतं, वाळू पडू लागते, दोरी सळसळत बोटांतून सुटते आणि एकामागून एक गाठी हाताला लागून जातात. शेवटचा कण पडला की घड्याळवाला ओरडतो, ‘बस!’ दोरी घट्ट पकडायची. त्या हिसक्यानं खुंटी निसटते, फळी आडवी पडते आणि मग ती सहज ओढून घेता येते. खुंटी नसती तर चालत्या जहाजावर ती ओढायला दोन गडी पुरे पडले नसते.

घड्याळ २८ सेकंदांचं आणि दोन गाठींमधलं अंतर ४७ फूट ३ इंच. २८ सेकंदांचं तासाशी जे प्रमाण, तेच या अंतराचं सागरी मैलाशी. म्हणून जितक्या गाठी गेल्या तितके सागरी मैल ताशी. गाठीला इंग्रजीत नॉट म्हणतात आणि आजही वाऱ्याचा, जहाजाचा, विमानाचा वेग नॉटमध्ये सांगतात. एक सागरी मैल १,८५२ मीटरचा. चक्रीवादळाच्या बातम्यांत ‘ताशी ५० नॉट’ असं लिहिलेलं दिसतं, ते चुकीचं आहे. नॉटमध्ये तास धरलेलाच असतो. नुसतं ‘५० नॉट’ म्हणावं.

२. मोजलेलं वेगळं, अंदाजाचं वेगळं

लॉग पाण्यातला वेग सांगतो, जमिनीवरचा नव्हे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत सोमालियाच्या किनाऱ्यालगत ईशान्येकडे जोराचा प्रवाह वाहतो. तो चार नॉटांच्याही वर जातो. मोंबासाहून मुंबईकडे येताना लॉग बारा नॉट दाखवत असला तरी जहाज प्रत्यक्षात त्याहून बरंच पुढे निघून गेलेलं असतं. लॉग खोटं सांगत नाही. त्याला जे विचारलं तेवढंच तो सांगतो.

म्हणूनच नकाशावर जहाजाची जागा दाखवायला वेगवेगळ्या खुणा आहेत. नुसत्या दिशा आणि वेगावरून काढलेली जागा बारीक फुलीनं. प्रवाह आणि वारा धरून सुधारलेली त्रिकोणानं. तारे, दीपगृह किंवा उपग्रह पाहून पक्की केलेली वर्तुळानं. पुढच्या पाळीला येणारा माणूस खूण पाहूनच ओळखतो की या ठिपक्यावर किती विश्वास टाकायचा. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. आपल्या घरच्या आणि कचेरीच्या कागदांत फुल्या, त्रिकोण आणि वर्तुळं सगळी एकाच शाईत एकाच ओळीत पडलेली असतात. ‘काम जवळजवळ झालं आहे’ हे वाक्य त्रिकोण आहे की वर्तुळ, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

या बाबतीत मी विल्यम ब्लायला मानतो. ‘बाउंटी’ जहाजावर २८ एप्रिल १७८९ रोजी बंड झालं आणि या कप्तानाला १८ माणसांसह २३ फुटी उघड्या होडीत सोडून दिलं. माणूस म्हणून त्याच्याबद्दल बरंवाईट पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण त्या होडीत, उपासमारीत, त्यानं काय केलं? सुरुवातीचे दिवस अंदाजानं अंतर धरलं आणि मग लगेच दोरीला खुणा करून लॉग बनवला. वाळूचं घड्याळ नव्हतं, तर माणसांना सेकंद मोजायचा सराव करायला लावला. काही जण बऱ्यापैकी अचूक मोजू लागले. सुमारे ३,६०० सागरी मैल कापून ती होडी १४ जूनला तिमोर बेटावरच्या कुपांग बंदरात पोचली. वाटेत पावसापाण्यात त्यानं लिहिलेली वही कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

३. आधी पाटी, मग वही

जुन्या जहाजांवर लॉग थेट वहीत लिहीत नसत. दर तासाचा वेग, दिशा, वारा आधी पाटीवर किंवा काळ्या फळीवर खडूनं मांडायचे आणि मग एकदा वहीत उतरवायचे. वेग मोजणाऱ्या फळीचं नाव असं पाटीला लागलं, पाटीवरून वहीला लागलं आणि वही झाली लॉगबुक. शब्दाचा हा खरा प्रवास. लाकूड मागे पडलं, नोंद उरली.

‘मेरी सेलेस्ट’ हे जहाज डिसेंबर १८७२ मध्ये अटलांटिकमध्ये एकही माणूस नसलेलं सापडलं, तेव्हा त्याच्या लॉगच्या पाटीवर शेवटची नोंद होती २५ नोव्हेंबरच्या सकाळी आठची, अझोर्समधल्या सांता मारिया बेटाजवळची. वहीतली नोंद आदल्या दिवसापर्यंतच पोचली होती. जहाजावरच्या लोकांचं काय झालं याचा पत्ता आजवर लागलेला नाही, पण तोवर ते जहाजावर होते एवढं त्या पाटीमुळं कळलं.

मराठी माणसाला ही रीत परकी नाही. आपली रोजकीर्द आणि खतावणी हेच करतात : घडेल तसं रोजकिर्दीत, मग खात्यावर. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या रोजकिर्दी आहेत म्हणून अठराव्या शतकातलं किती तरी आपल्याला ठाऊक आहे. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यातूनच निवडी केल्या. मला कुणी लॉगबुकला मराठी शब्द विचारला तर मी ‘नोंदवही’च्या आधी रोजकीर्द सांगतो. माझा सल्ला एवढाच, की स्वच्छ प्रत केली म्हणून कच्चा कागद फाडू नका. वाद उभा राहिला की पहिल्या हातानं लिहिलेलाच कागद मागतात.

४. विशेषण नको, आकडा हवा

‘खूप वारा सुटला’ असं लॉगमध्ये लिहिलं तर पाळी संपली तरी चीफ ऑफिसर घरी, म्हणजे केबिनमध्ये, जाऊ देत नाही. खूप म्हणजे किती? फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं १८०६ साली आपल्या रोजनिशीत वाऱ्याची मोजपट्टी लिहून काढली. मूळ मोजपट्टीत, सोसाट्याच्या वाऱ्यात युद्धनौकेला किती शिडं ठेवता येतील यावर आकडे ठरलेले होते. १८३८ पासून ब्रिटिश नौदलात लॉगमध्ये हेच आकडे लिहिणं सक्तीचं झालं. आता शिडं गेली, तर समुद्राचा चेहरा पाहून आकडा ठरतो. पांढऱ्या फेसाचे घोडे सर्रास दिसू लागले की चार. फेसाचे पट्टे वाऱ्याच्या दिशेनं ताणले जाऊ लागले की सात. ३४ नॉटांच्या पुढे गेलं की आठ, म्हणजे वादळी वारा. घाबरट कॅडेट आणि मुरलेला सारंग दोघांनाही तोच समुद्र दिसतो, पण भावना वेगळी असते. आकडा भावना बाजूला ठेवतो.

आईच्या आजारपणात मी हेच केलं. घरात प्रत्येक जण डॉक्टरांना वेगळं सांगत होता : ‘बरं आहे’, ‘रात्री अस्वस्थ होती’, ‘जरा कमी जेवली’. मी शंभर पानी वही घेतली आणि जहाजासारखे रकाने आखले. वेळ, रक्तदाब, साखर, किती पाणी, कोणती गोळी, कुणी दिली. शेवटच्या रकान्यात देणाऱ्याचं नाव. चौथ्या-पाचव्या पानावर डॉक्टरांनी बोट ठेवलं : संध्याकाळच्या एका गोळीनंतर दर वेळी दाब उतरत होता. गोळीची वेळ बदलली. ‘रात्री अस्वस्थ’ या दोन शब्दांतून ते कधीच दिसलं नसतं.

५. खोडायचं नाही

चुकलं तर त्या शब्दावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर शब्द आणि आपली सही. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही, पान फाडणं तर नाहीच. दोन नोंदींमध्ये कोरी ओळ सोडायची नाही, कारण कोरी ओळ ही नंतर कुणाला तरी लागणारी जागा असते.

६. समोरच्याचं उत्तरही लिहावं लागतं

जहाजावर एक ‘अधिकृत लॉगबुक’ वेगळं असतं. आपल्याकडं १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यानं ते बंधनकारक केलं. जन्म, मृत्यू, अपघात आणि शिस्तभंग त्यात नोंदतात. म्हणून दर्यावर्दींच्या बोलीत ‘लॉग करणे’ याचा एक वेगळाच अर्थ आहे. ‘त्याला कॅप्टननं लॉग केलं’ म्हणजे त्याच्यावर ठपक्याची नोंद झाली. हा अर्थ किनाऱ्यावर कुणाला माहीत नसतो आणि जहाजावर कुणी विसरत नाही.

पण या नोंदीची पद्धत मला सगळ्या कार्यालयांनी उचलावी अशी वाटते. ठपका लिहिला की तो त्या खलाशाला वाचून दाखवायचा आणि त्यानं जे उत्तर दिलं तेही तिथंच लिहायचं. त्याच पानावर, त्याच्या शब्दांत. एकदा कामावर उशिरा आलेल्या एका खलाशाची नोंद मी साक्षीदार म्हणून ऐकली. तो कोकणातलाच, अबोल. वाचून दाखवल्यावर त्यानं सांगितलं की आदल्या रात्री त्याला दुसऱ्याच कामासाठी उठवलं होतं आणि त्याची विश्रांती पुरी झाली नव्हती. उत्तर नोंदलं गेलं. कामाच्या तासांची वही काढून पाहिली, त्याचं म्हणणं खरं निघालं आणि दंड झाला नाही. उत्तराला पानावर जागा नसती तर ठपकाच तेवढा शिल्लक राहिला असता.

७. ‘काही घडलं नाही’ हीसुद्धा नोंद

मध्यरात्री ते पहाटे चार या पाळीत बहुतेक रात्री काहीच घडत नाही. तरी लिहायचं : फेरी मारली, दिवे लागलेले, सगळं ठीक. नव्या माणसाला हे निरर्थक वाटतं. मलाही त्याचं महत्त्व कळलं ते एका बंदरात. आमच्याकडं तांदळाची पोती होती. वाटेत पावसाळी समुद्र लागला, लाटा डेकवर येत होत्या. बंदरात काही पोती ओली निघाली आणि माल घेणाऱ्यांचा सर्वेक्षक जहाजावर आला. त्याचा दावा होता की आम्ही मालाच्या खणांची हवा नीट खेळवली नाही. लॉगबुक उघडलं. कोणत्या तासाला झडपा उघडल्या, लाटा येऊ लागल्यावर केव्हा बंद केल्या, पुन्हा केव्हा उघडल्या, बाहेरचं आणि खणातलं तापमान किती, हे दर पाळीला वेगवेगळ्या हस्ताक्षरांत होतं. बंदरात शिरताच कॅप्टननं नोटरीपुढे वादळाबद्दलचं निवेदनही नोंदवलं होतं आणि ते लॉगशी तंतोतंत जुळत होतं. त्या वहीत फक्त वादळाचेच तास असते तर कुणी विश्वास ठेवला नसता. शांत दिवसांच्या कंटाळवाण्या ओळींनी वादळाच्या ओळींना वजन आणलं. आता जहाजावर व्हीडीआर असतो, विमानातल्या ब्लॅक बॉक्ससारखा. तो आवाज, रडार, दिशा सगळं टिपतो. तरीही हातानं लिहिलेलं लॉगबुक कुणी काढून टाकलेलं नाही.

८. लॉग इन म्हणजे सही

आता या शब्दाच्या आजच्या अर्थाकडे येतो, कारण तिथं गोंधळ जास्त आहे.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायची सोय झाली. फर्नांदो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली. कुणी किती वेळ यंत्र वापरलं याचा हिशोब ठेवायचा तर कोण आलं आणि कोण गेलं याची नोंद हवी. म्हणून आल्यावर ‘लॉगिन’, जाताना ‘लॉगआउट’. पासवर्डही तिथूनच रुळला. पुढे २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या संगणकाला जोडणी झाली. टाइप करायचा शब्द होता लॉगिन. एल गेला, ओ गेला आणि पलीकडचं यंत्र बंद पडलं. इंटरनेटच्या पूर्वजावरून गेलेली ही पहिली दोन अक्षरं. रात्री साडेदहाची ती जोडणी तिथल्या माणसांनी कागदी लॉगबुकात हातानं लिहून ठेवली, म्हणून आज तारीख आणि वेळ ठामपणे सांगता येते.

त्याआधी, ९ सप्टेंबर १९४७ रोजी, हार्वर्डच्या मार्क टू या यंत्राच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. कामावरच्या लोकांनी तो चिकटपट्टीनं लॉगबुकच्या पानावर लावला. त्या संगणकावर काम करणाऱ्या ग्रेस हॉपर ही गोष्ट पुढे आवडीनं सांगत. ते पान पतंगासह स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. यंत्र अमेरिकी नौदलासाठी होतं आणि हॉपर स्वतः नौदलात होत्या. जहाजाची वही संगणकाच्या खोलीत कशी पोचली हे इथं दिसतं.

तेव्हा लॉग इन म्हणजे ‘आत शिरणं’ नव्हे. लॉग इन म्हणजे ‘मी आलो’ असं आपल्या नावानं वहीत लिहिणं. एवढं ध्यानात घेतलं की एक गोष्ट उघड दिसते : दुसऱ्याच्या लॉगिननं काम करणं ही खोटी सही आहे. आपल्या कचेऱ्यांत, दुकानांत, दवाखान्यांतही एकाच पासवर्डवर पाच-सहा माणसं काम करताना मी पाहतो. ‘साहेबांच्याच लॉगिननं टाक गं’ असं मोठ्यानं सांगितलं जातं. त्या क्षणापासून त्या यंत्रातला लॉग निरुपयोगी होतो. उद्या रक्कम चुकीच्या खात्यात गेली तर नोंद साहेबांकडं बोट दाखवेल आणि साहेब त्या वेळी जेवायला गेलेले असतील. जहाजावर दुसऱ्याच्या नावानं पाळीची सही केली असती तर नोकरी राहिली नसती.

९. सगळे लॉग एका घराण्याचे नाहीत

शाळेतल्या लॉग टेबलचा याच्याशी संबंध नाही. तो लॉगरिदमचा संक्षेप, ग्रीक शब्दावरून जॉन नेपियरनं १६१४ मध्ये रूढ केलेला. अर्थात ती कोष्टकंही आम्ही जहाजावर ताऱ्यांवरून जागा काढायला रोज वापरली. ‘बॅकलॉग’ हा शेकोटीच्या मागच्या बाजूला ठेवायचा मोठा ओंडका, तोही जहाजावरचा नव्हे. ‘वॉटरलॉगिंग’ मात्र समुद्रावरचं आहे : पाणी शिरून जहाज ओंडक्यासारखं नुसतं तरंगत राहिलं, सुकाणू मानेनासं झालं, की ते वॉटरलॉग्ड. जुलैत मुंबईच्या रस्त्यांबद्दल तो शब्द ऐकतो तेव्हा अडकलेल्या गाड्या पाहून तो चपखल वाटतो. ब्लॉग हा १९९७ मध्ये निघालेल्या ‘वेबलॉग’चा तुकडा.

१०. वाचणारा कोण असेल ते आपल्याला कळत नाही

अमेरिकी नौदलातल्या मॅथ्यू मॉरी या अधिकाऱ्याकडे १८४२ मध्ये नकाशांच्या भांडाराचा कारभार आला. तिथं जुन्या जहाजांची लॉगबुकं रचून ठेवलेली होती. त्यानं त्यातल्या वाऱ्या-प्रवाहांच्या नोंदी वेचून १८४७ पासून नकाशे काढले आणि जहाजांचे प्रवास लक्षणीय कमी दिवसांत होऊ लागले. १८५३ मध्ये ब्रसेल्सला अनेक देशांचे प्रतिनिधी जमले आणि हवामानाच्या नोंदी समुद्रावर सर्वांनी एकाच पद्धतीनं ठेवाव्यात असं ठरलं. मुंबई, मद्रास, कलकत्त्याला येणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची लॉगबुकं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. अलीकडे हवामानशास्त्रज्ञांनी त्यातले वायुदाब, तापमान आणि वारा उतरवून घेतले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला मान्सून कसा होता, हे समजून घ्यायला ते आकडे कामाला येतात. लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात तेव्हा फक्त आपली पाळी होती.

कोकणात, गोव्यात, मुंबईच्या कोळीवाड्यांत किती तरी घरांत आजोबा-पणजोबा दर्यावर होते. तांडेलांच्या वह्या, खलाशांच्या डायऱ्या, कुठं किती वाव पाणी आणि कोणत्या तिथीला काय मासळी याचे कागद माळ्यावर, ट्रंकेत पडून आहेत. आवराआवरीत ते रद्दीत जातात. माझी विनंती एवढीच आहे : रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ती पानं उजेडात धरून फोननं एकेक टिपून घ्या. खाली घराचं नाव, गाव आणि लिहिणाऱ्याचं नातं लिहा. तारीख वाचता येत नसेल तर ‘तारीख अंदाजे’ असं स्पष्ट लिहा. आणि मूळ कागद जपून ठेवा.